ड्रायव्हर कुठाय? एका कॉम्प्युटरवर दुसरी सिस्टीम टाकणाऱ्यांचा इतिहास

बसमध्ये असाल, मेसच्या रांगेत असाल, नाहीतर रात्री दिवे घालवून पांघरुणात असाल, सगळ्यांचं स्वागत. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा आजच्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जे अडखळलो ते इथे काढून टाकलंय, बाकी सगळं तसंच.

आजची गोष्ट माझ्या एका गाढवपणापासून सुरू होते.

साल २०१०. मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. बाबांनी सोसायटीचं कर्ज काढून घरात लॅपटॉप घेतला होता. नावाला माझा, पण खरा वापर ताईचा. ती स्पर्धा परीक्षेची तयारी करत होती आणि तिच्या सगळ्या नोट्स त्यात टाईप केलेल्या होत्या. त्या काळात उबुंटू नावाच्या लिनक्सची सीडी मागवली की पोस्टाने फुकट घरी यायची. मी मागवली, ती आली, आणि एका रविवारी मी ठरवलं की विंडोजच्या शेजारी लिनक्स टाकायचं. ड्युअल बूट! कॉम्प्युटर सुरू केला की विचारणार, कुठे जायचंय? कॉलेजात केवढा भाव मिळाला असता!

इन्स्टॉल करताना एका पानावर दोन पर्याय होते. शेजारी टाकू, की पूर्ण डिस्क वापरू? मी न वाचता पुढे गेलो. अर्ध्या तासाने लिनक्स आलं, छान दिसत होतं. विंडोज मात्र कुठेच नव्हतं, आणि ताईच्या नोट्सही नव्हत्या.

एवढ्यावर भागलं नाही. दुसऱ्या दिवशी ताईच्या परीक्षेच्या ऑनलाइन फॉर्मची शेवटची तारीख होती. आमच्याकडे इंटरनेट म्हणजे यूएसबीचं डोंगल. ते लावलं, तर लिनक्सला दिसलं काय? सीडी ड्राइव्ह! मी डोंगल काढतोय, लावतोय, फुंकर मारतोय, पण तेच. पुढे कळलं की या डोंगलांची रचनाच तशी असायची. लावल्या लावल्या ते सीडी असल्याचं सोंग घ्यायचं, कारण त्याच्या पोटात विंडोजसाठीचा ड्रायव्हर भरलेला असायचा. विंडोज तो चालवणार, ड्रायव्हर डोंगलला एक ठरावीक संदेश पाठवणार, आणि मग ते सोंग टाकून मोडेम होणार. लिनक्सवर तो संदेश पाठवणारं एक छोटं सॉफ्टवेअर होतं. पण ते डाउनलोड करायला इंटरनेट हवं, आणि इंटरनेटला डोंगल हवं. कुलूप घराचं आणि किल्ली आत!

शेवटी मित्राची एक्सपीची सीडी आणून पुन्हा विंडोज टाकलं. म्हटलं, विंडोज सगळं ओळखतं. पण आवाज येईना, नेटवर्कची केबल चालेना, स्क्रीनवर सगळं ताणलेलं. एक्सपी २००१ सालचं, आमचा लॅपटॉप त्यानंतर कितीतरी वर्षांनी बनलेला, मग ते त्याला ओळखणार कसं? लॅपटॉपबरोबर आलेली ड्रायव्हरची सीडी घरात कुठेच सापडेना. ताईचा फॉर्म आम्ही तालुक्याच्या सायबर कॅफेत, बंद व्हायच्या वीस मिनिटं आधी भरला. येताना एसटीत ती काहीच बोलली नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

त्या दिवशी मला एक गोष्ट कळली, ती आजच्या भागाचं सार आहे. विंडोज "सगळं ओळखतं" ते हुशार आहे म्हणून नाही. वस्तू बनवणारा त्याच्यासाठी ड्रायव्हर लिहून देतो म्हणून. मग ज्या सिस्टीमसाठी कोणी लिहून देत नाही, तिचं काय? तो इतिहास मोठा रंजक आहे.

आधी, ड्रायव्हर म्हणजे काय?

समजा तुम्ही नव्या भाड्याच्या घरात राहायला गेलात. घर तेच, पण पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह कुठला, कुठल्या बटणाने जिन्यातला दिवा लागतो, गिझर किती वेळ चालवायचा, हे मालकाने सांगितलं तरच कळतं. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे भाडेकरू आणि ड्रायव्हर म्हणजे ती माहिती.

चिपच्या आत ठरावीक पत्त्यांवर छोटे छोटे कप्पे असतात. त्यांना रजिस्टर म्हणतात. अमुक कप्प्यात अमुक आकडा टाकला की वायफायचा रेडिओ चालू होतो, तमुक कप्पा वाचला की माहिती आली का ते कळतं. कुठल्या कप्प्यात काय, कुठल्या क्रमाने आणि किती वेळ थांबून, हे सगळं ड्रायव्हरमध्ये लिहिलेलं असतं. माहिती कंपनीने दिली तर काम सोपं, नाही दिली तर अंधारात एकेक बटण दाबून बघायचं.

१९८० : अडकलेला कागद

अमेरिकेतल्या एमआयटीची कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळा. तिथे रिचर्ड स्टॉलमन नावाचा तरुण प्रोग्रामर काम करत होता. लॅबमधल्या जुन्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याने एक सोय केली होती. कागद अडकला की ज्यांची प्रिंट रांगेत आहे त्यांच्या स्क्रीनवर निरोप जायचा. म्हणजे कोणीतरी उठून कागद काढायचा, सगळ्यांचं काम सुरू.

१९८० च्या सुमाराला तिथे झेरॉक्स कंपनीचा नवा लेझर प्रिंटर आला. वेगवान, पण कागद याच्यातही अडकायचा. स्टॉलमनला तीच सोय इथे करायची होती, पण या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड दिलेलाच नव्हता. दुसऱ्या एका विद्यापीठात, कार्नेगी मेलनमध्ये, तो कोड एकाकडे आहे असं कळलं. स्टॉलमन त्याला भेटला. समोरच्याने नकार दिला. का? कोड कोणाला देणार नाही, अशा करारावर त्याने सही केली होती.

स्टॉलमनने सप्टेंबर १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला. सगळ्यांना वाचता, बदलता आणि वाटता येईल अशी पूर्ण सिस्टीम बनवायची. त्यामागे कारणं अनेक होती, पण प्रिंटरचा प्रसंग तो स्वतः वारंवार सांगत आला आहे.

१९९१ : हेलसिंकीतला माझ्यासारखाच एक गाढवपणा

आता फिनलंडला या. हेलसिंकी विद्यापीठातला लिनस टोरवाल्ड्स, वय २१. घरी इंटेल ३८६ चिपचा पीसी. त्यावर शिकण्यासाठी बनवलेली मिनिक्स नावाची सिस्टीम. लिनसला घरून विद्यापीठाच्या कॉम्प्युटरला मोडेमने जोडायचं होतं, म्हणून त्याने स्वतःचा एक छोटा टर्मिनल प्रोग्राम लिहिला. हा प्रोग्राम मिनिक्सवर नाही, थेट मशीनवर चालायचा. मग वाटलं, फाइली डाउनलोड कराव्यात. डाउनलोड केलेलं ठेवायचं कुठे? डिस्कवर. म्हणजे डिस्कचा ड्रायव्हर लिहा, फाइल सिस्टीम लिहा. असं करत करत त्याच्या हातात एक अख्खी ऑपरेटिंग सिस्टीमच तयार व्हायला लागली.

२५ ऑगस्ट १९९१ ला त्याने मिनिक्सवाल्यांना कळवलं की मी अशी एक सिस्टीम करतोय, हौस म्हणून. त्यातच सांगून टाकलं की एटी प्रकारची हार्ड डिस्क सोडून ही बहुधा दुसऱ्या कशावर चालणार नाही, कारण माझ्याकडे तेवढीच आहे. एका माणसाच्या टेबलावर जे यंत्र असेल त्याचाच ड्रायव्हर तो लिहू शकतो. बाकीच्यांच्या टेबलावरच्या वस्तूंचं काय? ते त्यांनी लिहायचं. लिनक्सची पुढची तीस-पस्तीस वर्षं याच वाटेने गेली.

आणि आता माझ्या आवडीचा भाग. त्या काळात लिनक्स हीच त्याच्या मशीनवरची दुसरी सिस्टीम होती. मुख्य म्हणजे मिनिक्स. एके दिवशी मोडेमला नंबर फिरवायची आज्ञा द्यायच्या ऐवजी त्याने चुकून ती हार्ड डिस्कलाच दिली. फोन नंबर जाऊन बसला मिनिक्सच्या डिस्कवर, आणि मिनिक्सचे बारा वाजले. लिनसने विचार केला की आता मिनिक्स परत टाकण्यापेक्षा लिनक्सच एवढं तयार करू की त्यावरच राहता येईल.

हा किस्सा वाचला तेव्हा मला केवढं हायसं वाटलं म्हणून सांगू! फरक इतकाच की त्याच्या चुकीतून लिनक्स उभं राहिलं, आणि माझ्या चुकीतून ताईने दोनशे पानी तीन वह्या पुन्हा हाताने भरल्या.

नव्वदचं दशक आणि मुके मोडेम

१९९२ मध्ये लिलो नावाचा बूट लोडर आला. मशीन सुरू होताना कुठली सिस्टीम उघडायची ते निवडता येऊ लागलं. म्हणजे शेजारी शेजारी नांदायची सोय झाली. भारतात पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर लिनक्सची सीडी यायची, आणि सीडी मिळालेला प्रत्येक जण एकच प्रश्न विचारायचा, "माझं अमुक कार्ड चालेल का?"

सर्वात जास्त रडवलं ते मोडेमने. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात स्वस्त मोडेम बाजारात आले. स्वस्त का? तर मोडेमचं बरंचसं काम करणारी चिपच काढून टाकली होती. ते काम विंडोजवरचं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरच्या प्रोसेसरकडून करून घ्यायचं. त्यांना विनमोडेम म्हणत. विंडोजवर ठीक, पण लिनक्सवर ते कार्ड म्हणजे नुसता पत्रा. आमच्या डोंगलचे हे थोरले काका म्हणा ना!

वायफायची लढाई

२००० नंतर लॅपटॉपमध्ये वायफाय आलं आणि जुनं दुखणं नव्याने उपटलं. इथे लोकांनी दोन वाटा काढल्या.

पहिली वाट जुगाडाची. एनडीआयएसरॅपर नावाचं सॉफ्टवेअर आलं. ते काय करायचं, तर विंडोजसाठी लिहिलेला वायफाय ड्रायव्हर उचलून लिनक्समध्ये बसवायचं आणि त्या ड्रायव्हरला भासवायचं की तू विंडोजमध्येच आहेस. बऱ्याच जणांचं काम व्हायचं. पण ड्रायव्हर बंद पेटीतला. सिस्टीम कोसळली तर आत काय झालं हे कोणालाच दिसायचं नाही.

दुसरी वाट तपस्येची. ब्रॉडकॉम कंपनीच्या वायफाय चिप कितीतरी लॅपटॉपमध्ये असायच्या आणि कंपनी माहितीपत्रक द्यायची नाही. तेव्हा स्वयंसेवकांनी दोन गट केले. एका गटाने कंपनीचा ड्रायव्हर उलगडून बघायचा आणि चिप कशी वागते याचं फक्त वर्णन लिहायचं. दुसऱ्या गटाने मूळ ड्रायव्हरकडे ढुंकूनही न बघता त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर लिहायचा. मधे भिंत. का? तर उद्या कोणी "आमचा कोड चोरला" म्हणालं, तर सांगता यावं की लिहिणाऱ्याने तो पाहिलेलाच नाही. असा ड्रायव्हर २००६ मध्ये लिनक्सच्या मुख्य कोडात आला. तरीही चिपच्या आत भरायचं फर्मवेअर वाटायची परवानगी नव्हती. ते प्रत्येकाला विंडोजच्या ड्रायव्हरमधून एका साधनाने कापून काढावं लागायचं.

सप्टेंबर २०१० मध्ये ब्रॉडकॉमने आपल्या नव्या चिपसाठी स्वतःच खुला ड्रायव्हर दिला. त्याआधी २००७ च्या सुरुवातीला लिनक्सच्या मुख्य शिलेदारांपैकी एक, ग्रेग क्रोआ-हार्टमन, यांनी कंपन्यांपुढे एक प्रस्ताव ठेवला होता. तुम्ही फक्त माहिती आणि बोलायला एक इंजिनिअर द्या, ड्रायव्हर आम्ही फुकट लिहून देतो. म्हणजे बघा, फुकट काम करून देतो हे सांगायलासुद्धा जाहीर आवाहन करावं लागत होतं.

ग्राफिक्सची कथा याहून लांबली. २०१२ मध्ये एका विद्यापीठातल्या कार्यक्रमात टोरवाल्ड्सने कॅमेऱ्यासमोर एनव्हिडियाला अर्वाच्य शिवी दिली, बोटासकट. तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. एनव्हिडियाने आपल्या लिनक्स ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला तो मे २०२२ मध्ये.

२००६ : मालकानेच किल्ल्या दिल्या

सगळेच मालक खडूस नसतात. उलटं उदाहरणही घडलं, आणि तेही अॅपलकडून!

जानेवारी २००६ मध्ये इंटेल चिपचे पहिले मॅक आले. लोकांनी लगेच विचारलं, चिप तीच, मग विंडोज का चालू नये? एका वेबसाइटवर बक्षीस लागलं आणि वर्गणी जमत जमत रक्कम जवळपास १४ हजार डॉलरवर गेली. मार्च २००६ मध्ये दोघांनी ते जिंकलं. मॅकवर विंडोज एक्सपी सुरू झालं. पण सुरू होणं वेगळं आणि वापरता येणं वेगळं. ग्राफिक्सचा नीट ड्रायव्हर नव्हता, म्हणजे घरात पाय ठेवला पण दिवा लागेना.

काही आठवड्यांतच, ५ एप्रिल २००६ ला, अॅपलने बूट कॅम्पची चाचणी आवृत्ती काढली. त्यात डिस्कची वाटणी करून देणारं साधन होतंच, पण खरी गंमत दुसरीच होती. ते एक सीडी बनवून द्यायचं, विंडोजसाठी लागणाऱ्या ड्रायव्हरची. ग्राफिक्स, नेटवर्क, आवाज, ब्लूटूथ, अगदी कीबोर्डवरची ब्राइटनेसची बटणंसुद्धा. अंगचा कॅमेरा आणि रिमोट सुरुवातीला चालत नव्हते, पण ऑक्टोबर २००७ मध्ये लेपर्ड आलं आणि बूट कॅम्प मॅकचा रीतसर भाग झालं.

हॅकर लोकांना जे महिनोन् महिने डोकं फोडून मिळवावं लागत होतं, ते मालकाने मनात आणलं तर एका सीडीत मावतं.

२०२० : किल्ल्या परत घेतल्या

नोव्हेंबर २०२० मध्ये अॅपलने स्वतःच्या एम१ चिपचे मॅक आणले आणि त्यांच्यावर बूट कॅम्प नव्हतं. मात्र एक दार उघडं ठेवलं. मालकाने स्वतः परवानगी दिली तर या मॅकवर अॅपलची सही नसलेली सिस्टीमही सुरू होऊ शकते. दार उघडं, पण आतल्या खोल्यांचा नकाशा नाही.

तेव्हा हेक्टर मार्टिन नावाच्या प्रोग्रामरने लोकांच्या वर्गणीवर असाही लिनक्स हा प्रकल्प सुरू केला. असाही हे मॅकिंटॉश जातीच्या सफरचंदाचं जपानी नाव.

यांची पद्धत ऐका. त्यांनी एक पातळ थर लिहिला आणि त्याच्यावर अॅपलचीच मॅकओएस चालवली. मॅकओएसला वाटतंय आपण थेट मशीनवर आहोत. प्रत्यक्षात ती कुठल्या कप्प्यात कुठला आकडा टाकते, कधी टाकते, याची नोंद खालचा थर करतोय. घरमालक कुठली बटणं दाबतो ते जिन्यातून बघून ठेवायचं आणि मग आपण तशीच दाबायची. मार्च २०२२ मध्ये पहिली आवृत्ती आली, तेव्हा ग्राफिक्स चिपचा ड्रायव्हर नव्हता. तो त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आला. जगात कुठेही माहितीपत्रक नसलेली चिप, आणि तिचा ड्रायव्हर मूठभर लोकांनी लिहिला.

मग आपल्याला काय त्याचं?

तुम्ही म्हणाल, दादा, आम्ही मोबाइलवाले, आमच्याकडे कुठलं ड्युअल बूट? तर खिशातला अँड्रॉइड फोन बाहेर काढा. त्याच्या पोटात लिनक्सचाच गाभा आहे. काही वर्षांनी त्याचे अपडेट बंद होतात ना? त्यामागे कंपनीची इच्छाशक्ती हे एक कारण आहेच, पण दुसरं कारण ड्रायव्हरचं आहे. चिप बनवणाऱ्याने त्या चिपचे ड्रायव्हर नव्या आवृत्तीसाठी दिले नाहीत, तर फोन कंपनीचेही हात बांधले जातात. २०१७ मध्ये गूगलने प्रोजेक्ट ट्रेबल आणलं, ते हीच गाठ सैल करायला. चिपचा भाग वेगळा, अँड्रॉइडचा भाग वेगळा. गाठ सैल झाली, सुटली नाही. तुमचा चांगला चालणारा फोन म्हातारा कधी ठरतो, हे त्याची बॅटरी एकटी ठरवत नाही.

आणि लॅपटॉपचं म्हणाल, तर विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. कितीतरी घरांत असे लॅपटॉप आहेत जे विंडोज ११ घेत नाहीत पण ठणठणीत आहेत. भंगारात घालण्याआधी त्यांना लिनक्सचा एक चान्स देता येईल. आज बहुतेक लॅपटॉपवर वायफाय, आवाज, स्क्रीन पहिल्या फटक्यात चालतात, कारण मधल्या तीस वर्षांत कोणीतरी, कुठेतरी, रात्री जागून ते ड्रायव्हर लिहिले आहेत.

फक्त माझ्याकडून तीन गोष्टी शिका. एक, घरातल्या सगळ्यांच्या फाइलींची कॉपी दुसऱ्या डिस्कवर घ्या, आणि ती उघडते का ते बघा. दोन, आधी इन्स्टॉल करूच नका. पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून बघता येतं. वायफाय जोडा, गाणं लावा, कॅमेरा उघडा, झाकण मिटून परत उघडा. सगळं चाललं तरच पुढे. तीन, डिस्कच्या पानावर आलात की दोन वेळा वाचा. आणि घरात कोणाच्या फॉर्मची शेवटची तारीख असेल, तर त्या आठवड्यात लॅपटॉपला हात लावू नका.

ताईचं विचाराल, तर ती परीक्षा ती त्या वर्षी नाही, पुढच्या वर्षी पास झाली. ती म्हणते, नोट्स दुसऱ्यांदा हाताने लिहिल्या म्हणूनच जास्त लक्षात राहिल्या. मला बरं वाटावं म्हणून म्हणते, हे मला माहीत आहे. मागच्या महिन्यात तिने स्वतःचा जुना लॅपटॉप माझ्याकडे आणून दिला आणि म्हणाली, "घे, टाक तुझं ते लिनक्स. पण आधी कॉपी काढ."

कॉपी काढली, ती उघडते का ते दोनदा पाहिलं, मगच लिनक्स टाकलं. वायफाय लागलं, आवाज आला. सोळा वर्षं माझ्या ड्रॉवरमध्ये पडलेलं ते जुनं डोंगलही गंमत म्हणून लावून बघितलं. पहिले दोन सेकंद ते सीडी झालं, आणि मग मी काहीही न करता आपणहून मोडेम म्हणून दिसायला लागलं.

तुमच्या घरी असा काही घोळ झाला असेल तर नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!